पुण्यात नव्याने राहायला आलात? नगरसेवकाच्या बातम्या कशा वाचायच्या आणि गल्लीचं काम कसं करून घ्यायचं

पुण्यात फ्लॅट घेतला, सामान लागलं, गॅस आला, इंटरनेट आलं. महिनाभरात लक्षात येतं की फाटकाबाहेरचा दिवा रात्री लागत नाही, कोपऱ्यावर कचरा साठतो आणि पहिल्या मोठ्या पावसात चेंबरमधून पाणी वर येतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "इथला नगरसेवक कोण आहे हो?" चार जण चार नावं सांगतात, आणि बहुतेक वेळा ती चारही नावं बरोबर असतात.

हा लेख अशा नव्या रहिवाशांसाठी आहे. आमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, मोहल्ला कमिटीला, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीला, मी बरीच वर्षं जाते. नवे लोक तिथे मनापासून येतात, त्यांचं काम होण्यासारखं असतं, पण ते चुकीच्या माणसाकडे चुकीच्या वेळी मागतात. एक-दोनदा हात हलवत परत गेले की पुन्हा येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आधीच सांगते: जे बिघडलंय ते दुरुस्त करायला महापालिकेचं कार्यालय आहे, जे मुळात नाही ते मिळवायला, आणि कार्यालय ऐकत नसेल तेव्हा ऐकवायला, नगरसेवक आहे. पुढची सगळी पावलं या फरकावर उभी आहेत.

पहिलं पाऊल: आपण कोणाच्या हद्दीत आहोत?

पत्त्यात 'पुणे' लिहिलेलं असलं म्हणजे पुणे महापालिका असं नाही. नदीपलीकडे वाकड, रावेत, पिंपळे सौदागर हा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा भाग. हिंजवडी आणि माण ही गावं आयटी पार्कमुळे सगळीकडे माहीत झाली, तरी तिथला कारभार ग्रामपंचायतीचा राहिला. लष्कर भागात आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड. लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे वगैरे २३ गावं ३० जून २०२१ला आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं आधी महापालिकेत घेतली आणि नंतर वगळून त्यांची वेगळी नगर परिषद केली.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे मिळकतकराचं बिल. ते ज्या संस्थेचं, तिच्याकडे जायचं. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून किंवा सोसायटीच्या ऑफिसातून बिलाची प्रत बघायला मागा. त्याच बिलावरून भागाचं नाव कळतं आणि क्षेत्रीय कार्यालय शोधायला मदत होते. पुणे महापालिकेची अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: औंध-बाणेर, कोथरूड-बावधन, वारजे-कर्वेनगर, सिंहगड रस्ता, धनकवडी-सहकारनगर, हडपसर-मुंढवा, नगर रस्ता-वडगाव शेरी, येरवडा-कळस-धानोरी इत्यादी. प्रत्येकावर एक सहाय्यक महापालिका आयुक्त असतो. तुमची पंच्याहत्तर टक्के कामं या एका इमारतीत संपतात असं माझं मत आहे. महापालिका भवनात, म्हणजे शिवाजीनगरला, उगाच चकरा मारू नका.

दुसरं पाऊल: प्रभाग आणि त्यातले चार जण

मुंबईतून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकाला एकच नगरसेवक. पुण्यात प्रभाग मोठा आणि त्यात चार नगरसेवक. १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं त्यात ४१ प्रभागांतून १६५ जण निवडून द्यायचे होते; चाळीस प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाचाचा. नावापुढे अ, ब, क, ड असं लिहिलेलं दिसतं. ती भागाची विभागणी नव्हे, ती जागांची आहे, आणि मुख्यतः आरक्षणासाठी केलेली. म्हणजे 'क' जागेवरची नगरसेविका तुमच्याही गल्लीची आहे आणि प्रभागाच्या पार दुसऱ्या टोकाचीही.

व्यवहारात मात्र चौघं आपापसांत भाग वाटून घेतात. एक जण गावठाणाचं बघतो, एक जण सोसायट्यांचं, एखादी ताई वस्त्यांमधलं. हे कुठे लिहिलेलं नसतं. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, जवळच्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी यांना विचारलंत की पाच मिनिटांत कळतं. तरी लेखी पत्र देताना चौघांच्याही नावाने द्या. एकाने केलं नाही तर दुसरा करेल हा एक फायदा, आणि "माझ्याकडे आलंच नाही" असं कुणाला म्हणता येत नाही हा दुसरा.

जुन्या पाट्यांवर विसंबू नका. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या ताब्यात होती. तेव्हा नगरसेवकच नव्हते. दरम्यान प्रभागांच्या हद्दीही बदलल्या. चौकातल्या फलकावर अजून 'माजी'ची नावं आणि जुने प्रभाग क्रमांक आहेत. सध्याची नावं आणि हद्दींचे नकाशे क्षेत्रीय कार्यालयात मागितले तर दाखवतात.

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पुण्यातल्या १६५ पैकी ८३. तरीही बऱ्याच ठिकाणी फोन पती किंवा दीर उचलतात, पाहणीला तेच येतात, बोर्डावर फोटोही त्यांचाच मोठा. नव्या माणसाला वाटतं हेच नगरसेवक. तुम्ही मात्र "ताईंशी बोलायचंय" असं आग्रहाने म्हणा. सभागृहात बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार त्यांचा आहे, तुमचं गाऱ्हाणं त्यांनी स्वतः ऐकायला हवं. आमच्याकडे बायकांच्या एका गटाने हे नेटाने केलं. आता ताई स्वतः फोन घेतात आणि पाहणीला स्वतः येतात.

तिसरं पाऊल: प्रश्न कोणाचा ते ठरवा

घरातली वीज गेली तर महावितरण. रस्त्यावरचा दिवा गेला तर महापालिकेचा विद्युत विभाग. बस वेळेवर येत नाही तर पीएमपी. चौकात वाहतूक तुंबते, कुणी भलत्या ठिकाणी गाड्या लावतं तर वाहतूक पोलीस. पण तिथे दुभाजक किंवा गतिरोधक हवा असेल तर पोलिसांचा अभिप्राय घेऊन महापालिकेचा पथ विभाग. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला याच्याशी महापालिकेचा संबंध नाही. सोसायटीच्या हिशेबाचं, सभेचं, कमिटीचं भांडण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे. नगरसेवक अशा भांडणात मध्यस्थी करतात खरे, पण त्यांना त्यात काही अधिकार नाही.

सोसायटीच्या फाटकाच्या आतला रस्ता, आतलं ड्रेनेज, आतले दिवे हे खासगी. महापालिकेचा पैसा तिथे कायद्याने खर्च करता येत नाही. नवीन गृहप्रकल्पांत याहून अवघड प्रकार असतो: फाटकाबाहेरचा रस्ता विकास आराखड्यात असतो, पण जागा अजून महापालिकेच्या ताब्यात आलेली नसते. मग खड्डे कुणी बुजवायचे यावर बिल्डर, जुना जमीनमालक आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमचा रस्ता असा असेल तर 'खड्डे बुजवा' अशी तक्रार वर्षानुवर्षं फिरत राहील. मागणी 'रस्ता ताब्यात घ्या' अशी करावी लागते, आणि ही खास नगरसेवकाने लावून धरायची गोष्ट आहे.

पाण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. पुण्याला मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांमधून पाणी येतं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. धरणं जलसंपदा विभागाची, शहरातलं वाटप महापालिकेचं. त्यामुळे तुमच्याकडे पाणी कमी येत असेल तर आधी शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारा. सगळीकडेच कमी असेल तर प्रश्न दाबाचा किंवा वेळापत्रकाचा, आणि तो पाणीपुरवठा विभागाचा. फक्त तुमच्याकडे कमी असेल तर बहुधा तुमच्या नळजोडाचा किंवा टाकीचा. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने' ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची रीत जुनी आहे, त्यासाठी नगरसेवकाला रात्री फोन करू नये. सूचनेत आपल्या भागाचं नाव आहे का तेवढं वाचा. सूचना फिरत फिरत आली असेल तर तारीख नक्की बघा, कारण गेल्या वर्षीचीही पुन्हा फिरते.

ड्रेनेजचं जरा सविस्तर

पावसाळ्यात सगळ्यात जास्त तक्रारी याच्या असतात आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो, म्हणून थांबून सांगते.

रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक मैलापाण्याची, म्हणजे संडास-मोरीच्या पाण्याची. दुसरी पावसाळी गटाराची, जी ओढ्याला किंवा नाल्याला जाऊन मिळते. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी दिसते ती पावसाळी. रस्त्याच्या मध्यावर किंवा बाजूला भरीव गोल झाकण दिसतं ते बहुतेक मैलापाण्याचं. आता पाऊस पडताना काय होतंय ते उभं राहून बघा. जाळीवर पानं, प्लास्टिक, वाळू बसून रस्त्यावर पाणी साचतंय, तर ती साफसफाईची बाब. मुकादमाला सांगितलं तरी तासाभरात होते. पण भरीव झाकण उचललं जाऊन खालून काळं पाणी उसळतंय आणि घाण वास येतोय, तर वरच्या कुठल्या तरी सोसायटीने किंवा दुकानाने गच्चीचं, अंगणाचं पावसाचं पाणी मैलावाहिनीत सोडलंय, किंवा वाहिनीचा व्यास वस्तीला पुरत नाही. हे साफसफाईने सुटत नाही. पंप लावून, गाडी बोलावून चेंबर मोकळं केलं की त्या रात्रीपुरतं होतं.

म्हणून तक्रार करताना 'चेंबर तुंबलंय' एवढंच न लिहिता, कोणतं झाकण, पाण्याचा रंग, पाऊस थांबल्यावर किती वेळाने ओसरतं, आणि कोरड्या दिवसातही येतं का, हे चार मुद्दे लिहा. कनिष्ठ अभियंत्याला यावरून जागेवर न येताही अर्धं निदान होतं. कोरड्या दिवसातही येत असेल तर वाहिनीत अडथळा, फक्त पावसात येत असेल तर बाहेरचं पाणी घुसतंय. पहिल्याला दुरुस्ती लागते, दुसऱ्याला नवी पावसाळी वाहिनी, म्हणजेच अंदाजपत्रकात पैसे, म्हणजेच नगरसेवक.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसं गेली. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून विसर्ग चालू होता. ओढ्याजवळ किंवा नदीजवळ घर घेतलं असेल तर एप्रिल-मेमध्येच नगरसेवकाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला विचारा: आपल्या भागातली नालेसफाई कोणत्या तारखेला, कुठून कुठपर्यंत, काढलेला गाळ कुठे नेणार? काठावर टाकलेला गाळ पहिल्या पावसात परत ओढ्यात जातो. शक्य असेल तर काम चालू असताना जाऊन बघा, आधीचा आणि नंतरचा फोटो काढा.

चौथं पाऊल: आधी तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या

दिवा, खड्डा, कचरा, पडलेली फांदी, फुटलेली जलवाहिनी यांची तक्रार आधी महापालिकेच्या 'पीएमसी केअर'वर नोंदवा किंवा क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. एका तक्रारीत एकच प्रश्न. जागा नीट सांगा: सोसायटीचं नाव, समोर काय आहे, दिव्याच्या खांबावर क्रमांक असेल तर तो. एक फोटो लांबून, ओळखीची खूण दिसेल असा, एक जवळून.

लेखी अर्ज देताना दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. याला पोच म्हणतात. "ठेवून जा, साहेबांना देतो" असं कुणी म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

कचऱ्यासाठी आणखी जवळचा रस्ता आहे. प्रत्येक भागात महापालिकेची आरोग्य कोठी असते, सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीची जागा. तिथे सकाळी लवकर मुकादम भेटतो, त्याच्यावर आरोग्य निरीक्षक. बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई नेतात. त्यांच्याशी नीट बोला, ओला-सुका वेगळा द्या आणि त्यांचं महिन्याचं शुल्क वेळेवर द्या. कोपऱ्यावर ढीग का पडतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. कोण रात्री गाडीवरून पिशवी टाकून जातं तेही त्या सांगतात.

तक्रार 'निकाली' दाखवली आणि काम झालंच नाही, असं होतं. चिडून नवी तक्रार टाकू नका, जुनीच पुन्हा उघडा आणि त्याच क्रमांकाचा आजचा फोटो जोडा. आता तुमच्या हातात इतिहास आहे, आणि नगरसेवकाकडे जायची वेळ झाली.

पाचवं पाऊल: नगरसेवकाच्या बातम्या वाचायला शिका

निवडून आलेली मंडळी प्रभागात बातम्या देत असतात: व्हॉट्सॲप ग्रुप, घरोघरी येणारं कार्यअहवालाचं पुस्तक, चौकातले फ्लेक्स. नव्या रहिवाशाला हे सगळं जाहिरातच वाटतं आणि तो वाचतच नाही. असं करू नका. त्यात माहिती असते, फक्त काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखावं लागतं.

महापालिकेचं नवं काम साधारण असं पुढे सरकतं. मागणी येते. अभियंता जागेवर पाहणी करतो. खर्चाचा अंदाज काढतो, त्याला पूर्वगणनपत्रक म्हणतात. मग अंदाजपत्रकात तरतूद लागते. नसेल तर दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवतात, त्याला वर्गीकरण. मग निविदा, मग स्थायी समितीची (खर्चाला मान्यता देणारी नगरसेवकांची समिती) किंवा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची मान्यता, मग कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. मग प्रत्यक्ष काम, मोजमाप, बिल. आणि शेवटी काही काळ ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी, तिला सगळे डीएलपी म्हणतात.

आता बातमी वाचा. 'पाठपुराव्याला यश' म्हणजे बहुतेक पत्राला उत्तर आलं किंवा पाहणी झाली. 'काम मंजूर' म्हणजे तरतूद झाली असेल. निविदा बाकी असू शकते, त्याला महिने लागतात. 'भूमिपूजन' वर्क ऑर्डरनंतर व्हायला हवं, पण निवडणुकीच्या आधी घाईत उरकलेली भूमिपूजनं आम्ही पाहिली आहेत. म्हणून ग्रुपवर अभिनंदनाच्या फुलांबरोबर एक साधा प्रश्न टाका: "ताई, खूप आभार. वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची आहे आणि मुदत किती?" प्रश्न आदराने विचारला तर चांगला नगरसेवक उत्तर देतो, बऱ्याचदा कागदाचा फोटोच टाकतो. आमच्या प्रभागात एका दादांनी तेव्हापासून प्रत्येक कामाच्या बातमीत टप्पा लिहायला सुरुवात केली, आणि त्यांच्याबद्दलचा लोकांचा विश्वास वाढला.

'माझ्या निधीतून' या शब्दांकडेही बघा. आमदार आणि खासदारांना स्थानिक विकास निधी असतो. नगरसेवकाच्या प्रभागासाठीच्या कामांचे पैसे मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकातच धरलेले असतात. पुण्यात अशा कामांच्या यादीला 'स' यादी म्हणतात. ते पैसे तुमच्या-माझ्या मिळकतकरातून आलेले आहेत. तेव्हा 'स' यादीत आपल्या भागातली कोणती कामं आहेत हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ते विचारायला संकोच वाटू देऊ नका.

काम सुरू झालं की जागेवर फलक हवा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. नसेल तर कनिष्ठ अभियंत्याला मागा. असेल तर त्याचा फोटो काढून सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा. दीड वर्षाने तोच रस्ता उखडला तर तो फोटो दाखवून विचारता येतं की हा डीएलपीत आहे का. असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, नव्या पैशाची गरज नाही. अशा एका फोटोवर आमच्याकडचा पदपथ पुन्हा बसवून घेतला गेला.

सहावं पाऊल: भेट आणि पत्र

नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयाची वेळ बहुतेक सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा. एकट्याने जाण्यापेक्षा तिघं-चौघं जा, त्यात एखादे ज्येष्ठ नागरिक आणि एखादी रोज त्या रस्त्यावरून मुलांना शाळेत नेणारी आई असू द्या. पंधरा जणांचा घोळका नको. मग सगळे बोलतात आणि मुद्दा राहून जातो. कार्यालयात बसलेल्या कार्यकर्त्याला कमी लेखू नका. फोन तो करतो, पाहणीची आठवण तोच करून देतो.

पत्र एका पानाचं. साधारण असं:

प्रति,
मा. नगरसेवक / नगरसेविका, प्रभाग क्र. …

विषय: … सोसायटी ते … चौक या रस्त्यावर पावसाळी वाहिनी टाकण्याबाबत.

सन्माननीय महोदय / महोदया,
वरील रस्त्यावर सुमारे … मीटर लांबीत पावसाळी वाहिनी नाही. पावसात मैलावाहिनीचे चेंबर उसळून पाणी रस्त्यावर व … इमारतीच्या तळमजल्यात येते. याबाबत क्षेत्रीय कार्यालयात दि. … रोजी आवक क्र. … ने अर्ज दिला आहे. अभियंत्यांनी पाहणी केली असून नवीन वाहिनीची गरज असल्याचे सांगितले आहे.
तरी हे काम येत्या अंदाजपत्रकात समाविष्ट करावे व जागेवर संयुक्त पाहणी घ्यावी, ही विनंती.
सोबत: पोच, फोटो, रहिवाशांच्या सह्या.
प्रत: सहाय्यक महापालिका आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय.

यात जीव 'संयुक्त पाहणी'त आहे. नगरसेवक, अभियंता आणि रहिवासी एका वेळी जागेवर उभे राहिले की महिन्याभराचा पत्रव्यवहार अर्ध्या तासात आटोपतो. पाहणीच्या दिवशी अभियंत्याने जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहून टाका: 'आज पाहणीत ठरलं ते असं…' कुणी हरकत घेतली नाही तर तेच नंतर आधार ठरतं.

सातवं पाऊल: वेळ साधा

नवी कामं वर्षभर मागता येतात, पण मिळतात ठरावीक वेळी. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून ते मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, जातं. स्थायी समितीत १६ सदस्य असतात. आपल्या प्रभागातलं कुणी त्यात असेल तर जमेची बाजू. यादी मात्र त्याआधी कित्येक आठवडे तयार होत असते. म्हणून मोठ्या कामाचं पत्र दिवाळीच्या आत द्या. फेब्रुवारीत दिलंत तर पुढच्या वर्षावर जातं.

याशिवाय नागरिकांनी थेट काम सुचवायची सोयही पुण्यात आहे. अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग पुणे महापालिकेने २००६ साली सुरू केला, आणि तसं करणाऱ्या देशातल्या पहिल्या शहरांत पुण्याचं नाव घेतलं जातं. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांबा अशी लहान कामं यात सुचवता येतात. अर्जाची मुदत पावसाळ्याच्या सुमारास जाहीर होते. वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा आणि क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा. इतक्या मोठ्या शहरात अर्ज करणारे फार थोडे असतात, त्यामुळे नीट लिहिलेल्या अर्जाला खरोखर संधी असते.

मोहल्ला कमिटीची बैठक क्षेत्रीय कार्यालयात होते. तारीख आणि वेळ विचारून घ्या. अधिकारी समोर असतात, प्रश्न तोंडी मांडता येतो, आणि मागच्या वेळी दिलेल्या शब्दाचं काय झालं हे सगळ्यांसमोर विचारता येतं. शेवटचा प्रश्न दर वेळी विचारा. नगरसेवकांची प्रभाग समिती वेगळी, ती कायद्याने असते आणि तिथे ठराव होतात. कायद्यात २००९ सालापासून क्षेत्र सभेचीही तरतूद आहे. तिच्यात त्या भागातले सगळे मतदार सदस्य. ती क्वचितच घेतली जाते. तुम्ही नव्या नगरसेवकांकडे ती मागितलीत तर मला फार आनंद होईल, कारण मागणारे वाढले की ती घ्यावीच लागेल.

काहीच हललं नाही तर

चिडून पत्रकारांकडे किंवा समाजमाध्यमांवर जाण्याआधी कागद मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'रस्ता का केला नाही?' असं विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नसतात. कागद मागा: अमुक रस्त्याचं पूर्वगणनपत्रक, वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं, डीएलपीचा कालावधी, आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेली कार्यवाही. उत्तर आलं नाही तर पुढचे तीस दिवस पहिल्या अपिलासाठी आहेत.

आणखी एक दार आहे ते लोकशाही दिनाचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत आयुक्तांच्या पातळीवर तो होतो. त्यासाठी आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, आणि प्रश्न वैयक्तिक गाऱ्हाण्याच्या स्वरूपात मांडावा लागतो.

हे सगळं करताना नगरसेवकाला अंधारात ठेवू नका. माहिती अधिकारात आलेले कागद त्यालाही द्या. पुष्कळदा त्यालाच विभागाकडून खरी माहिती मिळालेली नसते, आणि तुमच्या कागदावर तो मुख्य सभेत प्रश्न विचारू शकतो. आमच्या भागातलं बंद पडलेलं एक सार्वजनिक स्वच्छतागृह असंच सुरू झालं: कागद रहिवाशांनी आणले, प्रश्न ताईंनी विचारला.

आणि मतदार यादी

नव्या रहिवाशांकडून सगळ्यात जास्त राहून जाणारं काम हे. महापालिका निवडणुकीची वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागतात. नाव जुन्या गावच्या यादीत असेल तर इथे मत नाही. यादीत नाव मुळीच नसेल तर नमुना ६ भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. भाड्याने राहणाऱ्यांनाही हे करता येतं, नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. जानेवारी २०२६च्या मतदानाला १ जुलै २०२५ची यादी वापरली होती, त्यामुळे डिसेंबरात धावपळ करणाऱ्यांची नावं त्यात आली नाहीत. सोसायटीत एखादा रविवार ठरवून दोन तरुण मुलांना लॅपटॉप घेऊन क्लब हाउसमध्ये बसवा. आधार, भाडेकरार किंवा वीजबिल आणि जुनं मतदार ओळखपत्र घेऊन लोक आले की एका सकाळी पुष्कळ घरांची नोंदणी होते.